क्लिओपात्रा गोरी की काळी? तिच्या काळात कुणाला न पडलेला प्रश्न

मे २०२३ मध्ये क्लिओपात्रावरची एक मालिका ओटीटीवर आली. माहितीपट म्हणून तिची जाहिरात झाली होती आणि क्लिओपात्राचं काम एका कृष्णवर्णीय ब्रिटिश अभिनेत्रीने केलं होतं. नुसता ट्रेलर आला आणि इजिप्तमध्ये गदारोळ उठला. एका वकिलाने बंदीची मागणी करत सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली. पुरातत्त्व खात्याने तर रीतसर पत्रकच काढलं: राणी उजळ वर्णाची होती, तिची चेहरेपट्टी ग्रीक होती. समोरच्या बाजूचं म्हणणं, आफ्रिकेत जन्मलेली, आफ्रिकेत राज्य केलेली राणी आफ्रिकन दाखवली तर बिघडलं कुठे? मग दोन्हीकडून पुतळ्यांचे आणि नाण्यांचे फोटो एकमेकांच्या तोंडावर फेकले गेले.

तिच्याबद्दल जे ठाऊक आहे ते थोडक्यात असं. जन्म इ.स.पू. ६९, राज्य इ.स.पू. ५१ ते ३०. घराणं टॉलेमींचं, म्हणजे अलेक्झांडरच्या एका मॅसिडोनियन सेनापतीचं. ग्रीक बोलणारं आणि बरेचदा भावाबहिणींतच लग्नं लावणारं. तिची आई कोण हे नक्की सांगता येत नाही, वडिलांची आई कोण हेही नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की आधीच्या राजांनी इजिप्तची भाषा शिकण्याची तसदी घेतली नव्हती, हिने घेतली. रोममधल्या तिच्या शत्रूंनी तिची यथेच्छ निंदा करून ठेवली आहे. ती परकी आहे, ती राणी आहे (रोमनांना राजेपणाचाच तिटकारा), ती पुरुषांना नादी लावते, कुत्र्याच्या तोंडाचे देव पुजते. निंदेत काही म्हणजे काही सोडलेलं नाही. पण तिच्या कातडीचा रंग काढून तिला कुणी हिणवलेलं नाही.

शत्रूलाही जी गोष्ट वापरावीशी वाटली नाही, तिच्यावरून आज दोन देशांतली माणसं भांडतात. हे कसं झालं, आणि त्यामुळे वर्गात शिकवला जाणारा प्राचीन इतिहास कसा वाकडा होतो, ते पाहू.

## आधी ‘वंश’ म्हणजे काय ते ठरवू

इथे ‘वंश’ म्हणजे घराणं किंवा कूळ असा अर्थ घ्यायचा नाही. माणसांचे जन्मानेच ठरलेले चार-पाच गट असतात, ते रंगावरून आणि नाकाडोळ्यांवरून ओळखता येतात, आणि अक्कल, शौर्य, नीती याही गोष्टी त्या गटाबरोबर वारशाने येतात, या कल्पनेला वंशकल्पना म्हणायचं. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. समोरच्याचा रंग वेगळा आहे हे माणसाला नेहमीच दिसत आलं आहे. रंगावरून त्याची लायकी ठरवायची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही असं मानायचं, ही त्यापुढची पायरी.

ती पायरी कधी चढली गेली हे बऱ्यापैकी दाखवता येतं. उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीचे कायदे वाचा. गुलाम ठेवण्याचं सुरुवातीचं समर्थन धर्माचं होतं: ही माणसं ख्रिस्ती नाहीत. पण गुलामांनी बाप्तिस्मा घ्यायला सुरुवात केली तर पुढे काय? म्हणून १६६७ मध्ये कायदा झाला की बाप्तिस्म्याने गुलाम मुक्त होत नाही. त्याआधी १६६२ मध्येच ठरलं होतं की मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे मळेवाल्यापासून गुलाम बाईला झालेलं मूलही गुलामच. आणि १६९१ च्या कायद्यात, कुणी कुणाशी लग्न करू नये हे सांगताना, ‘इंग्रज किंवा इतर गोरे’ असा शब्दप्रयोग येतो. धर्माची भिंत पुरेना, तेव्हा रंगाची बांधली. तंबाखूच्या मळ्यांना मजूर हवे होते, हे त्यामागचं साधं कारण.

शास्त्र मागाहून आलं. १७३५ मध्ये स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने प्राणी आणि वनस्पतींबरोबर माणसाचेही चार प्रकार मांडले, खंडांनुसार आणि रंगांनुसार. १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येकाला स्वभावही चिकटवले. जर्मन शास्त्रज्ञ ब्लुमेनबाखने पुढे पाच प्रकार केले आणि १७९५ मध्ये त्यातल्या एकाला ‘कॉकेशियन’ नाव दिलं, कारण त्याच्या संग्रहातली जॉर्जियामधल्या एका स्त्रीची कवटी त्याला सगळ्यांत सुंदर वाटली होती. गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः काळ्यांना कमी लेखायच्या विरुद्ध होता, आफ्रिकन लेखकांची पुस्तकं जमवायचा. पण चौकटी एकदा आखून दिल्या की त्यांचं पुढे काय होईल हे आखणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आणि चौकटी मुळात आखता येतात का? नाईलच्या मुखापासून उगमाकडे चालत निघालात तर माणसांचे चेहरे हळूहळू बदलत जातील, पण ‘इथे गोरे संपले, इथून काळे’ अशी रेघ कुठेच सापडणार नाही. दुपार आणि संध्याकाळ वेगळ्या असतात हे सगळ्यांना मान्य आहे. दुपार नेमकी कोणत्या क्षणी संपली हे मात्र कुणी दाखवू शकत नाही. प्राचीन इजिप्त गोरा की काळा, हा प्रश्न त्या क्षणाची वेळ विचारण्यासारखा आहे.

## मग ते लोक आपला-परका कसा ठरवत?

आजच्या चष्म्यातून हेच दिसेनासं होतं, म्हणून इथे जरा रेंगाळू.

इ.स.पू. आठव्या शतकात कुशचा राजा पिये उत्तरेकडे चाल करून गेला आणि त्याने इजिप्त जिंकला. कुश म्हणजे आजचा उत्तर सुदान. त्याने आपल्या विजयाची हकिकत एका शिळेवर कोरवून घेतली. ही शिळा १८६२ मध्ये जेबेल बरकल इथे मिळाली. आजच्या पुस्तकांत पियेचा उल्लेख ‘काळा फेरो’ (फेरो म्हणजे इजिप्तचा राजा) असा येतो आणि गोष्ट ‘काळ्यांनी इजिप्त जिंकला’ अशी सांगितली जाते. शिळेत काय आहे? इजिप्तमधल्या हर्मोपोलिस शहराचा राजा नामलोत शरण येतो. पिये त्याच्या तबेल्यात जातो, तिथले घोडे उपाशी दिसतात आणि तो नामलोतवर भयंकर चिडतो: तू माझ्याशी लढलास त्यापेक्षा माझ्या घोड्यांना उपाशी ठेवलंस हे मला जास्त लागलं, असा त्याचा सूर आहे. शेवटी इजिप्तचे चार राजे त्याच्या भेटीला येतात. त्यातल्या तिघांना महालात पाऊल टाकता येत नाही. कारण त्यांची सुंता झालेली नाही आणि ते मासे खातात. राजवाड्याला ते चालत नाही. नामलोत मासे खात नाही, शुद्ध आहे, म्हणून त्याला आत घेतात.

म्हणजे सुदानमधून आलेला राजा इजिप्तच्या राजांना सांगतो आहे की तुम्ही अस्सल इजिप्शियन रीतीत बसत नाही. त्याच्या दृष्टीने आमून देवाचा खरा भक्त तो, आणि बाटलेले ते. सोवळंओवळं, देव, आचार यांची ही सीमा आहे. ‘काळे विरुद्ध इजिप्शियन’ असं शीर्षक दिलं की शिळेतली सगळी जान निघून जाते.

आता जरा मागे जाऊ. इ.स.पू. १२७९ च्या सुमारास वारलेल्या सेती पहिला या फेरोच्या थडग्यात भिंतीवर माणसांच्या रांगा रंगवल्या आहेत. प्रत्येकी चार-चार जणांचे चार गट: इजिप्तचे लोक तांबूस-तपकिरी, पूर्वेकडचे आशियाई फिकट, दाढीवाले, दक्षिणेकडचे नुबियन काळे, पश्चिमेकडचे लिबियन गोरे, अंगावर गोंदलेलं. म्हणजे रंग त्यांना चांगला दिसत होता. पण ही रांग परलोकातली आहे. चारही गट देवांच्या रक्षणाखाली आहेत आणि हा मजकूर राजाच्या मृत्यूनंतरच्या प्रवासाचा आहे. शिवाय इजिप्तच्या चित्रांत रंगाला संकेत असतात: पुरुष तांबूस, त्याची सख्खी बहीण पिवळसर, आणि ओसायरिस देव चक्क हिरवा. या चित्रावरून ‘त्यांचा नेमका रंग’ काढायला बसणं म्हणजे देवाला हिरवी कातडी होती असं मानण्यापैकी आहे.

ग्रीकांकडे या. इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की इथिओपियन हे सर्वांत उंच आणि देखणे लोक असल्याचं सांगतात. अ‍ॅरिस्टॉटलचा सिद्धांत हवामानाचा: थंड युरोपातले लोक धाडसी पण बुद्धीने कमी, आशियातले बुद्धिमान पण धमक नसलेले, आणि मधोमध राहणारे ग्रीक मात्र, योगायोगाने, दोन्ही बाबतींत उत्तम. ज्या उत्तर युरोपियांना नंतरच्या वंशशास्त्राने शिखरावर बसवलं, त्यांना अ‍ॅरिस्टॉटलने मठ्ठ ठरवलं होतं! रोमन वक्ता सिसेरोनेही इ.स.पू. ५४ मध्ये मित्राला पत्रात कळवलं की ब्रिटनमध्ये चांदी वगैरे काही नाही, मिळाले तर गुलाम. आणि त्यांच्यात कुणी शिकलेला किंवा गाणंबजावणं जाणणारा निघेल अशी अपेक्षा धरू नकोस.

रोमन ब्रिटनचं एक उदाहरण मला फार आवडतं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साऊथ शील्ड्स इथे १८७८ मध्ये एक थडग्याचा दगड सापडला. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. त्यावर एक बाई वेताच्या खुर्चीत बसलेली कोरली आहे, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. नाव रेजिना, वय ३०, दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुवेलाउनी जमातीची. ती आधी गुलाम होती. तिला मुक्त करून तिच्याशी लग्न करणारा बाराटेस सीरियातल्या पाल्मायराचा. वर लॅटिनमध्ये औपचारिक मजकूर आहे आणि खाली एकच ओळ त्याच्या मायबोलीत, पाल्मायराच्या लिपीत: रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय! इथे मालक आशियाई आणि गुलाम ब्रिटिश. ‘गुलाम म्हटलं की काळा’ हे समीकरण डोक्यात घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला या दगडाचं काय करावं हे कळणार नाही. रोमचे गुलाम गॉल, थ्रेस, सीरिया, जर्मनी कुठूनही येत. युद्धात हरणं, कर्ज, चाचे, गुलाम आईच्या पोटी जन्म, ही गुलामीची कारणं होती.

## चौकट आधी, पुरावा नंतर

नजर चुकली तर चुकली, एवढ्यावर हे थांबलं असतं तर ठीक होतं. पण वंशाच्या कल्पनेने पुराव्याचा अर्थच फिरवला.

फिलाडेल्फियाचा डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन कवट्या जमवायचा. इजिप्तमधून त्याला कवट्या पाठवल्या जात. १८४४ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: प्राचीन इजिप्शियन हे कॉकेशियन होते, निग्रो तिथे पुष्कळ होते, पण त्यांचा दर्जा आज आहे तोच, नोकरांचा आणि गुलामांचा. ‘आज आहे तोच’ हे शब्द पुन्हा वाचा. कवट्या कोणत्या गटात टाकायच्या हे अमेरिकेतल्या चौकटीवरून ठरलं, आणि मग त्याच निकालाने अमेरिकेतली गुलामगिरी किती सनातन आहे हे सिद्ध झालं. गुलामगिरीच्या समर्थकांनी हे उचलून धरलं. सेतीच्या थडग्यातले ते चार गटही त्यांनी ‘चार वंशांचा’ प्राचीन पुरावा म्हणून छापले.

याला तेव्हाच उत्तर मिळालं होतं. गुलामगिरीतून पळून आलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस याने १८५४ मध्ये ओहायोतल्या एका कॉलेजात भाषण करून मॉर्टनची चिरफाड केली. त्याचा एक मुद्दा बिनतोड होता: इजिप्शियनांची जी वर्णनं तुम्ही देता, तपकिरी रंग, रुंद नाक, जाड ओठ, कुरळे केस, तसा माणूस आज अमेरिकेत चालत आला तर त्याला निग्रो ठरवायला तुम्हाला क्षणभरही लागणार नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण त्यातला माणूस लबाड नव्हता. जॉर्ज राइसनर हा हार्वर्डचा नावाजलेला उत्खननकार. नोंदी इतक्या काटेकोर ठेवायचा की त्या आजही वापरतात. १९१३ ते १९१६ या काळात त्याने सुदानमध्ये केर्मा इथे खोदलं. प्रचंड गोल टेकाडांखाली राजेशाही थडगी, पलंगावर निजवलेला मृत, बरोबर शेकडो माणसांचा बळी. असं दफन इजिप्तमध्ये होत नसे. पण एका टेकाडात इजिप्तच्या एका सुभेदाराचा आणि त्याच्या बायकोचा, सेन्नुवीचा, पुतळा मिळाला. राइसनरने ठरवलं की हे थडगं त्या सुभेदाराचं. केर्मा हे इजिप्तचं ठाणं होतं. स्थानिक काळ्या लोकांकडून एवढं काम होणार नाही, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पुढे पियेच्या घराण्याचंही मूळ त्याने लिबियनांकडे नेलं.

प्रत्यक्षात पुतळे थडग्यापेक्षा कितीतरी जुने होते. ते इजिप्तमधून आणलेले होते. स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बॉने १९७० च्या दशकापासून केर्मात खोदत राहिले आणि तिथून वर आलं ते स्थानिक लोकांनीच उभारलेलं एक राज्य: शहर, तटबंदी, मंदिर. इ.स.पू. २५०० ते १५०० पर्यंत भरभराटीला असलेलं. म्हणजे राइसनरच्या हातात पुरावा होता, नोंदी अचूक होत्या, आणि तरी तो वाचताना पन्नासेक वर्षं सगळं उलटं वाचलं गेलं. त्या काळात शिकलेल्या पिढ्यांनी नुबिया म्हणजे इजिप्तची सावली असंच शिकून घेतलं.

ग्रेट झिम्बाब्वेचं तेच. दगडी भिंतींचं ते शहर प्राचीन नाही, अकराव्या ते पंधराव्या शतकातलं आहे. १८७१ मध्ये तिथे पोचलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाला एका लाकडाचा वास लेबनॉनच्या देवदारासारखा वाटला आणि त्याने ते बायबलमधल्या शीबाच्या राणीशी जोडलं. १९०५ आणि १९२९ मध्ये दोन वेगवेगळ्या अभ्यासकांनी खोदून सांगितलं की हे आफ्रिकन लोकांनीच बांधलेलं आहे. ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या सरकारला पुढची पन्नास वर्षं ते पटलं नाही. पटून चालणारंही नव्हतं.

## संगमरवर मुळात पांढरा नव्हता

ग्रीक आणि रोमन पुतळे रंगवलेले असत: ओठ, केस, कपडे, कातडीच्या छटासुद्धा. ऑगस्टसचा सुप्रसिद्ध पुतळा १८६३ मध्ये सापडला तेव्हा त्यावर रंग दिसत होते. पण त्याच्या शंभर वर्षं आधी, १७६४ मध्ये, जर्मन कलेतिहासकार विंकेलमान लिहून गेला होता की शरीर जितकं पांढरं तितकं सुंदर. ही गोडी इतकी मुरली की १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं आणखी पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. ‘पांढरं म्हणजे अभिजात’ हे शिक्षण कुठल्या धड्यात दिलं जात नाही, मुलं ते फोटोंवरून घेतात.

## आर्यांचं काय?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात कधीचा आला असणार. युरोपात भाषांच्या अभ्यासातून संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एका कुटुंबातल्या भाषा असल्याचं कळलं, हे पक्कं. पुढची उडी चुकीची होती: भाषा एक, म्हणून रक्त एक, आणि ते बोलणारे गोरे, उंच विजेते. संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्स म्युलर, ज्याच्या नावावर हे सगळं खपवलं जातं, त्यानेच १८८८ मध्ये सुनावलं की आर्य वंश, आर्य रक्त असं बोलणारा माणूस लांब कवटीच्या शब्दकोशाबद्दल बोलणाऱ्या भाषातज्ज्ञाइतकाच पापी आहे. ऐकलं कुणी नाही. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकं मोजत बसला होता आणि त्याचा दावा होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ऋग्वेदाच्याच आधाराने आर्य वंशाचा सिद्धांत खोडला आणि १९४८ मध्ये नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन दाखवलं की त्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. शत्रूच्या फुटपट्टीने शत्रूला मोजण्याचा तो नमुना आहे.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची हकिकत कमी ठाऊक आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्याच्या लिखाणाचा पुढे नाझींनी आधार घेतला. त्याची कल्पना अशी की युरोपीय माणूस जास्त विवेकी, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजूंत जास्त फरक असणार. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या, जर्मनांच्या आणि पूर्व आफ्रिकनांच्याही. फिशर म्हणतो तसा संबंध आढळला नाही. तसं त्यांनी लिहूनही दिलं, त्याच संस्थेत, त्याच गुरूसमोर. पुढे भारतात त्यांनी स्वतः माणसांची भरपूर मोजमापं केली हेही खरं. त्या काळच्या मानवशास्त्राचं ते रोजचं काम होतं.

मोहेंजोदडोचे सांगाडे शाळेत आपल्यापैकी अनेकांनी ‘आर्यांनी केलेली कत्तल’ म्हणून वाचले असतील. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४७ मध्ये ते मांडलं. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्सने दाखवलं की सांगाडे वेगवेगळ्या थरांतले आहेत आणि लढाई झाल्याचा पुरावा नाही. आणि आज? २०१९ मध्ये राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणच्या एका स्त्रीचा डीएनए छापून आला, त्यात गवताळ युरेशियन प्रदेशातल्या लोकांचा वारसा नव्हता. त्याच वेळी आलेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की त्या प्रदेशातून इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात लोक दक्षिण आशियात आले आणि इथे मिसळले. एक बाजू पहिलं वाक्य वाचते, दुसरी दुसरं. दोन्ही वाक्यं एकत्र नांदू शकतात, कारण लोक हलतात, मिसळतात, भाषा उचलतात; त्यासाठी ‘आर्य वंश’ आणि ‘द्राविड वंश’ नावाच्या दोन बंद डब्यांची गरज पडत नाही.

## म्हणजे प्राचीन काळी भेदभाव नव्हता म्हणायचं?

छे. भरपूर होता. अथेन्सने इ.स.पू. ४५१ मध्ये कायदा केला की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. ग्रीक न बोलणाऱ्यांना ग्रीक तुच्छ लेखत. अ‍ॅरिस्टॉटलने तर काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं म्हणून ठेवलं. काही इतिहासकार याला वंशवादाचं बीजच मानतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच की भिंती दुसऱ्या ठिकाणी होत्या: नागरिकत्व, भाषा, देव, आहार, हवामान. त्या भिंती जागच्या जागी दाखवल्या तरच त्या काळचा अन्याय कळतो. रंगाचा नकाशा वर अंथरला की खरे अन्याय झाकले जातात आणि नसलेले दिसतात.

## डीएनए आहे ना, तो सांगेल की खरं काय ते

डीएनए पुष्कळ सांगतो, पण हे नाही. २०१७ मध्ये इजिप्तमधल्या अबुसिर अल-मेलेक इथल्या ममींचा अभ्यास आला. लगेच ‘प्राचीन इजिप्शियन आफ्रिकन नव्हते’ छापाचे मथळे झळकले. संपूर्ण जनुकीय माहिती मिळाली होती ती फक्त तीन ममींची, तीही एकाच ठिकाणच्या. २०२५ मध्ये पिरॅमिडांच्या काळाच्या आसपासच्या एका माणसाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. मातीच्या मोठ्या भांड्यात पुरलेला हा माणूस. हाडांवरच्या खुणांवरून तो कुंभारकाम करत असावा असा अंदाज आहे. त्याचा सुमारे ८० टक्के वारसा उत्तर आफ्रिकेतला, २० टक्के मेसोपोटेमियाच्या बाजूचा. आता सांगा, याला कोणत्या डब्यात टाकणार? आणि एका माणसावरून अख्ख्या इजिप्तला कुठे टाकणार?

१९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिनने मोजून दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात. उरलेल्यातून कुणाचे पूर्वज साधारण कुठले हे ओळखता येतं, आणि डीएनए चाचण्या विकणाऱ्या कंपन्या तेच करतात. पण पूर्वज कुठले होते हे सांगणं आणि माणसांचे पाच प्रकार आहेत हे सांगणं यांत फार अंतर आहे. रंगही कायमचा नसतो. ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ‘चेडर मॅन’ची कातडी गडद असण्याची दाट शक्यता २०१८ मध्ये मांडली गेली, तेव्हा तिथे अनेकांचा जीव खालीवर झाला.

## मग वर्गात वंशाचं नावच काढायचं नाही?

काढायचं, पण योग्य ठिकाणी. सेनेगलचे इतिहासकार शेख अँता दियोप आयुष्यभर प्राचीन इजिप्त काळ्यांचा होता असं मांडत राहिले. १९७४ मध्ये कैरोत युनेस्कोच्या परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. मॉर्टनच्या नंतर हे होणारच होतं. ज्यांच्या अख्ख्या खंडाला इतिहास नाही म्हणून शिकवलं गेलं, त्यांनी इतिहासातलं सगळ्यांत मोठं नाव परत मागावं यात नवल नाही, आणि इजिप्त आफ्रिकेत आहे याची आठवण करून देणं आवश्यकच होतं. माझी तक्रार एवढीच, की त्यासाठी त्यांना मॉर्टनचीच फुटपट्टी घ्यावी लागली. मोठेपण सिद्ध करायला केर्मा आणि पिये पुरेसे आहेत. टॉलेमींची मुलगी उसनी आणायची गरज नाही. आणि तिला ‘गोरी’ जाहीर करणारं सरकारी पत्रकही तेवढंच उसनं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या धड्यात वंश हा मुख्य विषय हवा, कारण तेव्हा ती कल्पना घडत होती आणि माणसं तिच्यापायी मरत होती. प्राचीन काळाच्या धड्यात ती आणायची असेल तर राइसनरची गोष्ट म्हणून आणावी: हा पुतळा, हे टेकाड, याने काय वाचलं, नंतर काय निघालं, आणि मध्ये काय आड आलं. दहावीच्या मुलांना हे सहज झेपतं. राइसनरच्या उत्खननामागे असलेल्या बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने २०१९ मध्ये नुबियावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्या पूर्वग्रहांची आणि चुकीच्या निष्कर्षांची कबुली वस्तूंच्या बरोबरीनेच मांडली. केर्माच्या टेकाडात मिळालेली सेन्नुवी त्याच संग्रहालयात आहे.